किसनभाऊंच्या घरात किती चुली होत्या

आमच्या सुयोग कॉलनीत कोणी किसन शेळक्यांचं नाव काढलं, की अजूनही एकजण तरी म्हणतो, "तो होय? साहेबासमोर एक चूल सांगितली अन् निघाल्या दोन!" मग सगळे हसतात. नव्यानं राहायला आलेल्यांनाही एवढंच माहीत आहे. माणूस कसा होता, ते घर कशाचं होतं, बंद कसं पडलं, हे विचारायच्या आत गोष्ट संपलेली असते.

त्या दोन चुली मोजणारा माणूस मी. नगर परिषदेच्या बांधकाम विभागात मी ओव्हरसिअर होतो आणि राहायला याच कॉलनीत, किसनभाऊंच्या समोरच्या ओळीत. आता वय पंचाहत्तरच्या पुढं गेलं आहे. माझी मोजणी बरोबर होती आणि किसनभाऊही खोटं बोलले नव्हते. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे आजवर मी कोणाला सांगितलं नाही. जालना जिल्ह्यातलं आमचं हे तालुक्याचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

किसनभाऊ मूळचे केदारखेड्याचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. शिकून ते गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बुटका, रुंद बांध्याचा माणूस. डोक्याला पांढरा रुमाल, आणि हाताला कायम फिनेलचा वास, नोकरी सुटल्यावरसुद्धा. नोकरीतली बरीच वर्षं ते दारू प्यायचे. हे ते स्वतःच पहिल्या भेटीत सांगून टाकायचे. मला म्हणाले होते, "इंजिनेरसाहेब, इतकी पेत होतो, इतकी पेत होतो, की इंजेक्शन मारताना बैलच माझ्याकडं पाहून हळहळायचा." मी इंजिनिअर नव्हतो, ओव्हरसिअर होतो. दोनदा सांगून पाहिलं. त्यांनी शेवटपर्यंत इंजिनेरसाहेबच म्हटलं.

दारू सुटली कशी, हे मात्र ते धड सांगत नसत. एकदा म्हणाले, गयानं सोडवली. गयाबाई म्हणजे त्यांची बायको. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाले, "एका म्हशीनं लाथ घातली, तवापासून." गयाबाई आतून ओरडल्या, "म्हैस कोणाला म्हणून राह्यले?"

निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या कॉलनीत चार खोल्यांचं घर घेतलं. सुरुवातीला नवरा-बायको दोघंच. मग त्यांचा एक पुतण्या आला. पिऊन पिऊन कामावरून काढलेला. तो सुधारला म्हणून त्याच्या ओळखीचा एक टेम्पोवाला आला, मग मस्तगडचा एक दुकानदार, मग घनसावंगीकडचे दोन सख्खे भाऊ. वर्षभरात घरात आठ-नऊ माणसं झाली. सरकारी दवाखान्यातले एक डॉक्टर आठवड्यातून एकदा येऊन सगळ्यांना तपासून जायचे. औषधं डॉक्टरांची, बाकी सगळं किसनभाऊंचं. पाटी नव्हती, पावतीपुस्तक नव्हतं. कॉलनीत त्या घराला नाव पडलं 'कोंडवाडा'. हे नाव आमच्या कॉलनीचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक तौर सर, यांनी ठेवलेलं. किसनभाऊंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना ते इतकं आवडलं, की फोन उचलून ते म्हणायला लागले, "हां, कोंडवाड्यातून किसन बोलून राह्यलो."

त्यांची माणसं तपासायची रीतही गुरांचीच. सकाळी सगळे अंगणात यायचे आणि हे उलट्या हातानं एकेकाचे कान चाचपायचे. मग डोळ्याची खालची पापणी ओढायची, मग "चालून दाखव". एवढं झालं की निकाल. "कान थंड हायेत. ताप न्हाई. जा, पीठ मळ." नवा माणूस आला की पहिले आठ-दहा दिवस त्याचे हात थरथरतात. त्याच्या हातात चहाचा कप दिला तर निम्मा सांडतो आणि तो शरमेनं मेल्यासारखा होतो. किसनभाऊ त्याला परात द्यायचे. म्हणायचे, "पिठाला थरथर कळत न्हाई. मळ किती मळायचं ते." त्या घरात भाकरी-पोळीचं पीठ कायम नव्या माणसानं मळायचं, हा नियम होता. गयाबाई कुरकुर करायच्या की गोळा घट्ट होतो, सैल होतो, मीठ दोनदा पडतं. पण चूल त्यांची एकटीची. तिथं कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

दुसरा नियम म्हणजे फाटकाला कुलूप लावायचं नाही. बाकी ठिकाणी अशा माणसांना कोंडून ठेवतात, हे आम्हाला ऐकून माहीत होतं आणि खरं सांगायचं तर तेच आम्हाला बरं वाटलं असतं. तौर सरांनी एकदा रस्त्यात गाठून विचारलं, "शेळके, उद्या यातला एखादा पळाला अन् कोणाच्या घरात घुसला तर?"

"पळतेतच सर. पळणार न्हाई तर काय."

"मग कुलूप लावा ना!"

"लावतो. मंग कुलूप काढल्यावर काय करतेन ते? तवा तुमी येतान का राखण करायला?"

आणि माणसं खरंच पळायची. एकदा मी सुट्टीच्या दिवशी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. टेम्पोवाला फाटकातून निघाला आणि ताडताड देशीच्या दुकानाकडे चालायला लागला. मागून किसनभाऊ. हाक नाही, धावणं नाही. गाय चरायला सोडल्यावर गुराखी जसा अंतर ठेवून चालतो, तसे. नंतर त्यांनीच सांगितलं, की तो आत गेला आणि हे बाहेर पायरीवर बसले. आतला वास येत होता. "माझ्या बी तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू?" टेम्पोवाला बाहेर आला तो रडतच. भर दुपारी, बाजाराच्या रस्त्यानं, त्याला बगलेत धरून किसनभाऊ परत आले. कॉलनीतली सगळी दारं अर्धी उघडी. तौर सर कुंपणाशी उभे. किसनभाऊ त्यांना पाहून मोठ्यानं म्हणाले, "सर, एक गेल्ता, एक आणला. बराबर हाय!"

आम्हाला त्या वेळी त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

आमच्या घरापुरतं सांगायचं, तर एकदा मी ऑफिसात असताना माझी बायको ओल्या ओट्यावरून घसरून पडली. खुब्याला मार. उठता येईना. आवाज ऐकून किसनभाऊंच्या घरातले चौघे धावत आले, बाज आणली, तिला बाजेवर घालून रिक्षापर्यंत नेलं. त्यात तो टेम्पोवालाही होता. दवाखान्यात मी पोचलो तेव्हा तो दारात चपला काढून उभा होता, आत यायला संकोचत. बायकोनं त्यानंतर त्या घराला कोंडवाडा म्हटलं नाही आणि आम्हालाही म्हणू दिलं नाही. लोणचं घातलं की एक बरणी तिकडं जायची. गयाबाईंशी तिचं कुंपणावरून बोलणं सुरू झालं.

असं असूनही मी जे केलं ते केलं. त्याचं कारण म्हणून सांगतो, सबब म्हणून नाही. माझ्या मुलीला पाहायला एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, माणसं चांगली. ती माणसं गाडीतून उतरली तेव्हा समोरच्या अंगणात नऊजण रांगेत उभे आणि किसनभाऊ त्यांचे कान चाचपत असलेले. मुलाच्या मामांनी विचारलं, "हे काय आहे?" मी काहीतरी सांगितलं. आठ दिवसांनी नकार आला. तौर सर म्हणाले, "दुसरं काय कारण असणार?" मलाही तेच पटलं. खरं कारण वेगळं होतं. त्यांना नोकरी करणारी मुलगी हवी होती. हे मला मुलीचं लग्न दुसरीकडं होऊन गेल्यावर कळलं.

कॉलनीनं नगर परिषदेकडे तक्रार केली. निवासी भूखंडावर बेकायदेशीर संस्था चालते, बंद करा. मी नोकरीत, म्हणून माझी सही नको असं ठरलं. माझ्या मुलाची घेतली. बायको मुलाला म्हणाली, "बाजेला खांदा द्यायला तू होतास का?" सही तशीच राहिली.

आता नियम काय होता ते सांगतो, कारण सगळं त्यावरच फिरलं. निवासी भूखंडावर कुटुंबानं राहायचं. संस्था चालवायची तर वापर बदलायची परवानगी लागते, आणि त्या परवानगीला रस्ता रुंद लागतो, बाजूला मोकळी जागा लागते. आमच्या कॉलनीतला रस्ता तेवढा रुंद नव्हता. म्हणजे ते घर 'संस्था' ठरलं तर परवानगी जन्मात मिळणार नव्हती. 'कुटुंब' ठरलं तर कोणाला हात लावता येणार नव्हता. किसनभाऊंना हे त्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. ते सुनावणीला आले ते तयार होऊन, रुमाल धुऊन.

मुख्याधिकारी तरुण होते. त्यांनी विचारलं, "शेळके, तुमच्या घरात राहतात किती?"

"आज नऊ हायेत. आमी दोघं येगळे."

"हे नऊजण तुमचे कोण?"

"कोणी नव्हते साहेब. आता हायेत."

तौर सर मागून म्हणाले, "साहेब, ही सरळसरळ संस्था आहे. पाटी लावली नाही म्हणून लपत नाही."

"सर, संस्थेत खुर्च्या असतेत, अध्यक्ष असतो," किसनभाऊ म्हणाले. "आमच्याकडं निस्त्या सतरंज्या. अध्यक्ष तर तुमीच हायेत." लोक हसले. मग ते साहेबांकडं वळले. "साहेब, तुमी बी गावाकडचेच दिसता. गावात दोन भाऊ येगळे झाले हे कशावरून धरतेत? वाटणीचा कागद तर लय मागून होतो. आधी चूल येगळी होती. रेशनकार्डाचा माणूस दारात आला की काय इचारतो? चुली किती? आमच्या घरात चूल एक हाय. जे शिजन ते समदे खातेत. मंग आमी एक घर न्हाई तर काय हाव?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "माझे चुलते-आजोबा सगळे एका चुलीवर होते. घरात माणसं मोजता यायची नाहीत." मग तौर सरांना म्हणाले, "चूल एक असेल तर मी हे कुटुंब धरतो. वापर निवासी. तुम्हाला मान्य नसेल तर वर अपील करा." आणि माझ्याकडं पाहून, "ओव्हरसिअर, स्थळपाहणी करून पंचनामा आणा."

साहेब, मी त्याच कॉलनीत राहतो, तक्रारीवर माझ्या मुलाची सही आहे, पाहणीला दुसरं कोणी पाठवा, असं मी म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही.

पाहणीच्या दोन दिवस आधी किसनभाऊंकडे नवा माणूस आला. तुळशीराम. परतूरचा, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. पस्तिशीचा असेल, पण उन्हात विसरलेल्या चपलेसारखा वाळलेला. सोबत त्याची म्हातारी आई. एकुलता एक मुलगा, नवरा कधीच गेलेला. मुलाला तिथं सोडून तिचा पाय निघेना. किसनभाऊ म्हणाले, "राहा आजी, पोराचा जीव रमेपर्यंत." पण आजी माळकरी. किसनभाऊंच्या चुलीवर अंडी व्हायची, रविवारी मटण व्हायचं. त्या चुलीवरचं, त्या भांड्यातलं आजींना चालायचं नाही. म्हणाल्या, "मी मुरमुरे खाऊन राहीन. माझं काय एवढं."

किसनभाऊंनी मागच्या अंगणात तीन विटा मांडून आजींना चूल करून दिली. भांड्यांचं काय? आमच्या घरात कधी मांसमच्छी शिजलं नाही. बायकोच्या माहेरी सगळे माळकरी. तिनं आमचा एक तवा आणि एक पातेलं त्यांच्याकडे दिलं. संध्याकाळी मला म्हणाली, "आजी येऊन चार शब्द बोलून गेल्या. पोराचे हात थांबले की जाणार म्हणाल्या." मी ऐकलं.

पाहणीला मी गेलो ते तौर सर आणि त्यांचे एक शेजारी, अशा दोन पंचांना घेऊन. तुळशीराम आणि आजी त्या वेळी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडं गेले होते. मी खोल्या मोजल्या, सतरंज्या मोजल्या, स्वयंपाकघरातली गॅसची शेगडी पहिली चूल म्हणून लिहिली. तेवढ्यात तौर सर मागच्या दारातून म्हणाले, "ओव्हरसिअर, इकडं या. ही मोजा."

विटांच्या चुलीत काटक्या जळत होत्या. वर पातेल्यात वरण. शेजारी उभा करून ठेवलेला तवा. तो तवा आमचा होता. एकदा ओट्यावरून पडल्यानं त्याची एक कड चेपलेली होती, ती मी रोज पाहत होतो.

गयाबाई घाईनं बाहेर आल्या. "ती आजीची हाय, वरण बी म्या त्यायच्यासाठीच टाकलं. माळकरी हायेत त्या. चार दिवस राहून जातेन."

मी लिहिलं, "मागील अंगणात विटांची एक चूल, पेटती. एकूण चुली दोन."

पंचनामा मोठ्यानं वाचून दाखवायचा असतो. मी वाचला. किसनभाऊ दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "आजीचं लिवलं का?"

मी म्हणालो, "कोणाची चूल ते लिहायचं नसतं. किती, एवढंच."

असा काही नियम नाही. पंचनाम्यात हवं ते लिहिता येतं. 'पाहुण्यांसाठी तात्पुरती' एवढे दोन शब्द पुरले असते, आणि जागा होती.

किसनभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मग तव्याकडं. मग म्हणाले, "मंग बराबर हाय," आणि सही केली.

पुढं गयाबाईंकडून बायकोला कळलं, की पाहणीच्या सकाळी त्यांनी नवऱ्याला सुचवलं होतं, आजचा दिवस चूल मोडून टाकू, आजींना केळी आणून देऊ. ते म्हणाले, "म्हातारी दवाखान्यातून भुकेली येईन. अन् येणार कोण हाय? समोरचे इंजिनेरसाहेब. त्यायला समदं माहीत हाय."

बायकोनं त्या रात्री जेवायला वाढताना एकच विचारलं, "आजींचं लिहिलं?" मी 'नाही' म्हणालो. तवा परत आणायला ती गेली नाही. बाजारातून नवा आणला.

दुसऱ्या सुनावणीला तुळशीरामची आईही आली होती. दाराजवळच्या बाकावर, मांडीवर पिशवी धरून, शेजारी तुळशीराम. कान थोडे जड होते, कार्यालयातलं बोलणं तिला किती कळत होतं कोण जाणे. पोरगा राहतो त्या घराचं काहीतरी चाललं आहे, एवढं कळत असावं.

साहेबांनी पंचनामा वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. माणसावर विश्वास टाकला आणि फसलो, असा. "शेळके, तुम्ही एक चूल म्हणालात. इथं दोन आहेत. खोटं का सांगितलं?"

किसनभाऊंनी एकदा दाराकडं वळून पाहिलं. मग म्हणाले, "चुकलं साहेब."

"काही सांगायचं असेल तर सांगा. मी ऐकायला बसलोय."

"न्हाई."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "ओव्हरसिअर, तुमचं काही?"

"नाही साहेब," मी म्हणालो.

महिन्याभरात वापर बंद करा, असा आदेश निघाला. डॉक्टरांनी दुसरीकडे घर मिळतं का पाहिलं. एक चूल सांगून दोन निघालेल्या माणसाला घर कोण देणार? एकेकजण जायला लागला. मस्तगडचा दुकानदार टिकला, त्याचं दुकान अजून चालतं. घनसावंगीच्या भावांमधला एक टिकला. तुळशीराम आईबरोबर परतूरला गेला. त्यांना एसटी स्टँडला न्यायला रिक्षा आली तेव्हा मी ओट्यावर होतो. आईची पिशवी त्यानं घेतली होती आणि पिशवी हलत होती. तो हिवाळा काही त्यानं काढला नाही. त्याच्या जाण्याची बातमी कॉलनीत आली तेव्हा तौर सर म्हणाले, "बघा, असली माणसं कुठं सुधारतात?"

किसनभाऊ घर विकून केदारखेड्याला गेले. भावाच्या शेतात पत्र्याची शेड टाकली. तिथं नगर परिषद नव्हती, पण तिथं डॉक्टरही येऊ शकत नव्हते. दोन-तीन माणसं असायची, कधी तीही नसायची.

मी निवृत्त झालो. बायको गेली. मग एक दिवस केदारखेड्याच्या गाडीत बसलो. फाट्यावर उतरून विचारत विचारत शेतात पोचलो. किसनभाऊ बाजेवर बसले होते. थकले होते. मला पाहून त्यांनी शेडकडं हाक मारली, "गया, आपल्या गल्लीतले इंजिनेरसाहेब आले!" गयाबाईंनी चहा आणून ठेवला आणि माझ्याकडं न पाहता आत गेल्या.

काय बोलायचं ते मी गाडीत ठरवून आलो होतो. म्हणालो, "किसनभाऊ, तो तवा माझ्या घरचा होता. मला सगळं माहीत होतं."

"म्याच आणल्ता वहिनीकडून," ते म्हणाले. "तुमाला माहीत हाय, हे मला बी माहीत होतं."

"मग त्या दिवशी साहेबासमोर बोलला का नाहीत? मला उघडं पाडायचं होतं. मी तोंड उघडू शकलो नसतो."

ते माझ्याकडं जरा नवलानं पाहायला लागले. "तुमचा इचार कशाला करू मी? म्हातारी दारात बसल्ती. म्या सांगितलं असतं, तर साहेबानं तिला पुढं बोलावून इचारलं असतं, आजी, ही चूल तुमची का? ती हो म्हणली असती. अन् मंग तिला कळलं असतं, की तिच्या चुलीपायी घर चाललं अन् तिचा पोरगा बी चालला." मग म्हणाले, "साहेब ऐकतेन का न्हाई याची खात्री नव्हती. म्हातारीला लागन, याची होती."

मी या गोष्टीचा विचारच केला नव्हता. इतकी वर्षं मला वाटत होतं, ते गोंधळले, घाबरले, किंवा माझ्यावर रागावून गप्प बसले. माझ्या हिशेबात ती म्हातारी नव्हतीच.

"तुळशीराम अजून दोन महिने राह्यला असता तर टिकला असता," ते म्हणाले. एखाद्या जनावराचं दुखणं सांगावं तसं, आवाज न चढवता. "तेवढे लागतेत. ते तुमच्या हातानं गेलं. गेलं न्हाई असं म्या म्हणणार न्हाई."

मी म्हणालो, मी आता सगळ्यांना सांगतो. कॉलनीत सांगतो, लिहून काढतो. तुम्ही खोटारडे नव्हता हे लोकांना कळू दे.

"बिलकुल न्हाई!" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "म्हातारी परतूरला हाय अजून. एकटी राहती. कोणी ना कोणी तिच्या कानावर घालन. ती हाय तवर तोंड उघडू नका. लोकं मला काय म्हणतेत त्याचं मला काय करायचंय? आता माझ्याकडं कोण पोरगी पाहायला येणार हाय?"

मी कबूल केलं. ते गेल्यावरही मी शब्द पाळला. त्यांच्या दहाव्याला मी केदारखेड्याला होतो. मस्तगडचा दुकानदार आला होता. तौर सर नव्हते. कॉलनीत दोन चुलींची गोष्ट निघायची, मी उठून घरात जायचो. यंदा परतूरहून कळलं, तुळशीरामची आई गेली. म्हणून आता लिहिलं.

मी शेतात भेटायला गेलो त्या दिवशी किसनभाऊ मला फाट्यापर्यंत सोडायला आले होते. चालताना दोनदा थांबले, पण काठी घेतली नाही. फाट्यावर एक मेंढपाळ कळप घेऊन उभा होता. त्यातली एक मेंढी पाय उचलून चालत होती. किसनभाऊंनी माझं बोलणं अर्ध्यात तोडलं. "हिला काय झालं रं?" म्हणत ते तिथंच रस्त्याच्या कडेला धुळीत बसले आणि मेंढीचा पाय मांडीवर घेतला. खुरात बाभळीचा काटा आत मोडलेला होता. मेंढपाळ म्हणाला, "राहू द्या बाबा, घरी गेल्यावर पाहतो." ते म्हणाले, "तवर चालन कशी ती?" आणि खिशातून चिमटा काढला.

तेवढ्यात गाडी आली. मी हाक मारली, "किसनभाऊ, येतो." त्यांनी मान वर न करता डावा हात जरासा हलवला. मी खिडकीशी बसलो. गाडी निघाली तेव्हा ते मेंढीच्या खुरावर वाकले होते, रुमाल डोक्यावरून घसरून खांद्यावर आला होता, आणि उरलेली मेंढरं त्यांच्याभोवती गोळा होऊन उभी होती.